औषधाचा डोस वजनावर ठरतो, मग वाचनाचा डोस इयत्तेवर का?



ताप, शुगर, बीपी सोडून आज शाळेबद्दल लिहितोय. डॉक्टरनं शाळेत नाक कशाला खुपसायचं, असं काहींना वाटेल. पण जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पोटदुखीची जी मुलं माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात काहीच सापडत नाही. दुखणं मात्र खरं असतं. ते कुठून येतं हे शोधायला गेलं की शाळेपर्यंत जावंच लागतं.

मागच्या वर्षी एक आई मुलाला घेऊन आली. मुलगा चौथीत. हातात दोन सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्त-लघवीचे रिपोर्ट, सगळे नॉर्मल.

“डॉक्टर, ह्याचं पोट रोज सकाळी दुखतंय बघा. सोमवारी तर लईच.”

“आणि सुट्टीत?”

त्या जरा थांबल्या. “सुट्टीत? सुट्टीत नाही की हो दुखत.”

पोट तपासलं, वजन बघितलं, काही नव्हतं. मग दप्तरातलं मराठीचं पुस्तक काढायला सांगितलं. मुलानं पहिला धडा उघडला आणि घडाघडा म्हणून दाखवला. आईचा चेहरा खुलला. मी मात्र त्याच्या बोटाकडे बघत होतो. तोंड तिसऱ्या ओळीवर होतं आणि बोट पहिल्याच. धडा पाठ होता. मग टेबलावरच्या औषधाच्या खोक्यावर मराठीत छापलेली एक ओळ वाचायला दिली. तो गप्प बसला. ‘क’, ‘म’, ‘र’ सांगता आलं, ‘कमर’ काही वाचता आलं नाही.

आई म्हणाल्या, “मी दहावी झालीय, रोज अभ्यास घेते. मला कळलंच नाही.”

दोष त्यांचा नव्हता. मुलानं चार वर्षं हुशारीनं झाकून ठेवलं होतं. रोज साडेदहा ते पाच, न कळणाऱ्या गोष्टीसमोर पकडले जाऊ या भीतीत बसायचं. तुमचं-माझं पोट दुखलं नसतं?

वय एकच, डोस वेगवेगळा

नऊ वर्षांची दोन मुलं तापानं आली. एकाचं वजन १८ किलो, दुसऱ्याचं ३२. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलीग्रॅम धरलं, तर पहिल्याला एका वेळी २७० मिलीग्रॅम लागेल, दुसऱ्याला ४८०. दोघंही चौथीत आहेत म्हणून एकच डोस दिला, तर एकाला जास्त होईल आणि दुसऱ्याचा ताप उतरणार नाही. असं करणाऱ्या डॉक्टरला तुम्ही पुन्हा दारात उभं करणार नाही.

शाळेत मात्र आपण हेच करतो. चौथीत आहे ना, मग चौथीचं पुस्तक. त्या वर्गात एकजण गोष्टीची पुस्तकं फाडफाड वाचतोय, एकजण जोडाक्षराला अडतोय, एक मुलगी अजून अक्षरांतच आहे. तिघांना एकच धडा, एकच वेग. गुरुजींचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. अभ्यासक्रम संपवायचा असतो, तपासणीला उत्तर द्यायचं असतं. मग वर्ग साहजिकच पुढच्या मुलांच्या वेगानं पळतो आणि मागचा मागेच राहतो.

हा दोन-चार मुलांचा प्रश्न असता तर मी लिहिलं नसतं. ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून गावोगाव जाऊन, घरात बसून मुलांचं वाचन तपासते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं पाचवीत बसून दुसरीचंही वाचू शकत नव्हती.

आपल्या भागात यात आणखी एक भर आहे. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की बीड आणि आजूबाजूच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, सोबत त्यांची मुलं. वीटभट्ट्यांवरही तेच. वर्षाचे पाच-सहा महिने ज्यांचे बुडतात, ती मुलं गावी परत जाऊन वयाप्रमाणे पुढच्या वर्गात बसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयानुरूप वर्गात प्रवेश दिला, हे चांगलंच झालं. दहा वर्षांचा मुलगा पहिलीत बसवायचा का? पण त्याच कायद्यात अशा मुलांना मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावं असंही म्हटलंय. आपण पहिला भाग पाळला आणि दुसरा विसरलो.

मुंबईत सापडलेला उपाय

उपाय परदेशातून आणायची गरज नाही, तो आपल्या मुंबईतच तयार झालाय. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या मुलांसाठी ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या कामातून एक साधी रीत पुढे आली. मुलाची इयत्ता बाजूला ठेवायची. तो काय वाचू शकतो एवढंच तपासायचं: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. मग तिसरी, चौथी, पाचवीची मुलं एकत्र करून या पातळीप्रमाणे गट पाडायचे आणि रोज ठराविक वेळ प्रत्येक गटाला त्याच्या पातळीचं शिकवायचं. गणितालाही तसंच. मूल पुढं सरकलं की गट बदलायचा.

याची तपासणी आमच्याकडे नव्या औषधाची करतात तशीच झाली: काही शाळांत उपाय करायचा, काहींत नाही, आणि मग तुलना. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ कार्यक्रमाचा असा अभ्यास झाला. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायच्या. त्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. वर्गात मागे राहिलेल्या मुलांना मात्र, वर्ग लहान होऊनही, विशेष फायदा झाला नाही. यातून मी एक गोष्ट घेतो: नुसती पटसंख्या कमी करून भागत नाही, शिकवणं मुलाच्या पातळीवर यायला लागतं. हा अभ्यास करणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्तर डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई माहेरच्या पाटणकर, म्हणजे अर्धे आपलेच.

पुढे हरियाणात सरकारी शिक्षकांनीच रोज एक तास तिसरी ते पाचवीची मुलं पातळीप्रमाणे बसवली आणि भाषेत फरक पडला. उत्तर प्रदेशात दहा-दहा दिवसांची शिबिरं, एकूण पन्नास दिवस घेतली. तिथं परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण शिबिर नसलेल्या शाळांच्या सुमारे दुप्पट झालं. उलट उत्तराखंडात शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, पण रोजच्या वेळापत्रकात वेगळा तास बसला नाही, आणि हाती फारसं काही लागलं नाही. औषध आणून कपाटात ठेवलं तर दुखणं कसं बरं होईल?

“म्हणजे ढ मुलांची तुकडी?”

हे लिहिताना तुमच्या मनात काय येतंय ते मला ठाऊक आहे. अ तुकडी हुशारांची, ड तुकडी बाकीच्यांची. आपल्यातल्या अनेकांनी हे भोगलंय. ड तुकडीत गेलेलं पोरगं दहावीपर्यंत ड मध्येच राहायचं, आणि त्याला पुढच्या बाकावर बसवायची तसदीही कुणी घ्यायचं नाही.

म्हणून मी जे मागतोय आणि जी जुनी तुकडी होती, त्यातला फरक नीट समजून घ्या. पातळीचे गट दिवसाचा तास-दोन तासच असतात, भाषा आणि गणितापुरते. परिसर अभ्यास, चित्रकला, खेळ, प्रार्थना, दुपारचं जेवण हे सगळं आपल्या वर्गातल्या मित्रांबरोबर. गट परीक्षेच्या एकूण गुणांवर किंवा शिस्तीवर ठरत नाही, फक्त त्या एका कौशल्यावर ठरतो. त्यामुळे वाचनात मागे असलेला मुलगा गणितात पुढच्या गटात असू शकतो, आणि पोरांना ते लगेच दिसतं. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते आणि मुलं गट बदलतात. ज्या गटातून मूल बाहेरच पडत नाही, तो गट नव्हे, ती जुनी तुकडीच.

हा फरक मी कल्पनेनं सांगत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जोप्लिन गावात १९५० च्या दशकात चौथी ते सहावीची मुलं वाचनाच्या तासापुरती इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसवत. रॉबर्ट स्लेव्हिन यांनी १९८७ मध्ये प्राथमिक शाळांतल्या अशा गटांवरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. इयत्ता ओलांडून वाचनापुरते केलेले गट फायद्याचे निघाले. दिवसभरासाठी हुशार-कच्चे असे वर्ग वेगळे करण्याचा फायदा दिसला नाही. केनियात पहिलीच्या मुलांच्या पूर्णवेळ वेगळ्या तुकड्या करून दोन्ही तुकड्यांना फायदा झाल्याचंही एका मोठ्या अभ्यासात दिसलंय, तेही सांगायला हवं. तरी आपल्याकडे ‘ढ’ हा शब्द किती सहज तोंडात येतो ते बघता, मी दिवसभराच्या वेगळ्या तुकडीच्या विरोधातच आहे.

“पाचवीचा घोडा दुसरीच्या पोरांत बसला तर लाज वाटणार नाही का?” वाटेल. एकटाच असेल तर नक्की वाटेल. म्हणून गटाला नंबर न देता नाव द्यावं आणि मोठं मूल लहानांत एकटं पडणार नाही हे बघावं. पण चार वर्षं रोज सगळ्या वर्गासमोर न वाचता येण्याची लाज आपण मोजतच नाही. माझ्याकडे आलेल्या मुलाला ती रोज सकाळी पोटात जाणवत होती.

“हुशार मुलांचं नुकसान होईल.” उलट, ज्याला गोष्ट वाचता येते त्याला अक्षरगटाची उजळणी ऐकत बसावं लागत नाही. त्या तासात त्याला त्याच्या पातळीची पुस्तकं मिळतात.

“शिक्षक कुठून आणायचे?” हा आक्षेप खरा आहे आणि मला त्याचं सोपं उत्तर देता येत नाही. गगनबावडा, शाहूवाडीकडे कित्येक वाड्यांवर दोनच शिक्षकांची शाळा आहे. पण तिथं दोन-दोन इयत्ता आधीच एका खोलीत बसतात. इयत्तेनं बसवायचं की पातळीनं, एवढाच प्रश्न उरतो. मात्र तो एक तास अॅपवर माहिती भरण्यात किंवा कुठल्या सर्व्हेत जाणार नाही, याची हमी वरून मिळायला हवी. ती शिक्षकांच्या हातात नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं, २०२१ मध्ये केंद्राचं ‘निपुण भारत’, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यानं दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ‘निपुण महाराष्ट्र’चा कृती कार्यक्रम जाहीर केला. कागद भरपूर आहेत. माझं म्हणणं इतकंच की हे मोहीम म्हणून दोन-तीन महिने करून सोडायचं काम नाही. बालसखीच्या मुलांतही कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा विरला होता. बीपीची गोळी महिनाभर घेऊन बंद केली की काय होतं, ते माझ्या जुन्या पेशंटना सांगायला नको.

आधी तपासणी, मग ‘कच्चा’ शब्द

आता माझ्या खात्यातली गोष्ट. मूल अभ्यासात मागे पडतंय म्हटल्यावर शिकवणी लावण्याआधी एवढं बघून घ्या:

* डोळे. फळा दिसतो का? मूल स्वतःहून तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. वर्षातून एकदा नजर तपासा.
* कान. सतत सर्दी होणाऱ्या, तोंडानं श्वास घेणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून कमी ऐकू येऊ शकतं. कधी नुसता मळ असतो.
* रक्त. ५ ते ११ वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. अशा मुलाचं लक्ष टिकत नाही. जंताची गोळी शाळेत मिळते, १० फेब्रुवारीचा जंतनाशक दिन त्यासाठीच असतो. ती चुकवू नका.
* झोप आणि न्याहरी. या वयात ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि सकाळी नुसता चहा-बिस्कीट, यावर कुणाचंही डोकं चालणार नाही.
* मधेच काही सेकंद शून्यात बघत राहणं, हाक मारली तरी कळत नाही, मग पुन्हा नेहमीसारखं. याला ‘लक्ष नसतं’ म्हणून सोडू नका. तो फिटचा एक प्रकार असू शकतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पथकानं पुढे पाठवायची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात कुजू देऊ नका.

आणि पोटदुखीबद्दल: दुखणं बेंबीपासून लांब असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, वजन घटत असेल, ताप, वारंवार उलट्या किंवा शौचात रक्त असेल, तर ते शाळेचं समजू नका. लगेच डॉक्टरकडे या.

पातळीचे गट आम्हा डॉक्टरांनाही उपयोगी पडतात, ते असे. नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, तेव्हा दोन शक्यता असतात. त्याच्या पातळीवर कुणी शिकवलंच नाही, किंवा शिकवूनही येत नाही, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ज्या मुलाला दोन-तीन महिने रोज त्याच्याच पातळीचं शिकवलं आणि बरोबरची मुलं पुढे गेली तरी ते तिथंच राहिलं, त्याची तपासणी तज्ज्ञाकडून लगेच करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि अशा मुलांना सवलती मिळतात. पण वर्गात निम्मी मुलं अडकलेली असली की ज्याला खरंच वेगळी मदत हवी, ते एक मूल कुणाला दिसणार?

आज घरी करून बघा

रविवारी दुपारी, जवळ घेऊन, रागावल्याशिवाय. पाठ नसलेला मजकूर घ्या. आधी चार ओळींची सोपी गोष्ट द्या. अडलं तर दोन साधी वाक्यं, तिथंही अडलं तर सुटे शब्द, मग अक्षरं. जिथं न अडता वाचलं, ती त्याची आजची पातळी. गणितात एकअंकी आणि दोनअंकी संख्या ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. पाच मिनिटं लागतात. निकाल काहीही आला तरी मुलाला “एवढंही येत नाही?” म्हणू नका. शेजारच्या पोराचं नाव तर अजिबात काढू नका.

मग शाळेत जा, भांडायला नको. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या सभेत वर्गखोलीचा रंग आणि गॅदरिंग यांच्याबरोबर हे तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेत कोणत्या पातळीवर किती मुलं आहेत? रोज कोणता तास पातळीप्रमाणे शिकवण्यासाठी राखलाय? मागच्या दोन महिन्यांत किती मुलांनी गट बदलला? गुरुजींना मदत लागत असेल तर गावात शिकलेल्या मुली-सुना आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. मुडशिंगीत तासभर मोकळी असणारी दहा माणसं मिळणार नाहीत, हे मला पटत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मुलं शाळेपर्यंत आली, त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली. शाळेत बसलेलं मूल शिकतंय का, हे बघणं आपल्याकडे राहिलंय.

त्या चौथीतल्या मुलाचं काय झालं? त्याच्या बाईंना मी आईकरवी चिठ्ठी पाठवली. त्यांनी मनावर घेतलं आणि रोज सकाळी पाऊण तास त्याला तिसरीतल्या आणि चौथीतल्या तशाच आणखी सहाजणांबरोबर बसवलं. दिवाळीपर्यंत तो शब्द वाचू लागला, परीक्षेच्या सुमारास छोटे परिच्छेद. जोडाक्षरं अजून अडतात. पोट अधूनमधून दुखतं, विशेषतः गणिताच्या चाचणीच्या दिवशी. पण मागच्या महिन्यात सर्दीसाठी आला तेव्हा नंबर येईपर्यंत बाहेर बसून तो भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता बोट लावून वाचत होता. मी केबिनच्या दारातून बघितलं. बोट आणि तोंड एकाच ओळीवर होतं.